मुदत आणि मदत : वेबपानातल्या मराठी अँकर लिंक

आजचा विषय अगदी छोटा आहे. वेबपानाच्या पत्त्यात कधीकधी शेवटी एक हॅश असतो, # असा, आणि त्याच्यापुढे एक-दोन शब्द. अशी लिंक उघडली की पान नुसतं उघडत नाही, तर नेमक्या त्या मथळ्यापाशी जाऊन थांबतं. हिला अँकर लिंक म्हणतात. मथळा इंग्रजी असला की ती निमूट चालते. मथळा मराठी असला की ती कुठे अडखळते, का अडखळते आणि काय केलं की अडखळत नाही, एवढंच आज सांगायचंय. हिंदी, बंगाली, तमिळ, कन्नड, कुठल्याही मथळ्याला यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. त्यामुळे तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की बंगळूरला, आणि काम कुठल्याही भाषेतल्या पानांचं करत असा, हे उपयोगी पडेल.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

मी महाराष्ट्राबाहेर राहतो. आमच्या शहरातलं मराठी मंडळ दरवर्षी मुलांना शिष्यवृत्ती देतं. त्या माहितीचं पान मी बनवलं होतं. एकच लांब पान: पात्रता, कागदपत्रं, अर्ज कसा भरायचा, मदत, मुदत. वर अनुक्रमणिका. प्रत्येक मथळ्याला आयडी द्यावा लागतो, तो हाताने कोण देत बसणार, म्हणून मथळ्यावरून आयडी बनवणारा चार ओळींचा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिला. कॉम्प्युटरवर तपासलं, सगळं ठीक वाटलं. मंडळाच्या चिटणीसांनी अनुक्रमणिकेतल्या 'मुदत' या शब्दावर क्लिक केलं, वरचा पत्ता कॉपी केला आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. सोबत लिहिलं, 'शेवटची तारीख इथे पाहा.'

मुदत उलटून चार दिवस झाल्यावर एका बाईंचा फोन आला. 'दादा, तुमच्या त्या लिंकवर तारीखच नव्हती हो. नुसते फोन नंबर होते. मला वाटलं, तारीख अजून ठरायचीय.' मी म्हणालो, 'ताई, असं कसं होईल, तारीख तिथेच आहे.' मग माझ्या फोनवर ती लिंक उघडली. पान 'मदत' या मथळ्यावर जाऊन थांबलं. खाली पाच स्वयंसेवकांची नावं आणि नंबर, फोनचा पडदा त्यातच भरला. 'मुदत' त्याच्याखाली, बोटाने पान वर सरकवल्यावर. कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर दोन्ही मथळे एकदम दिसत होते, म्हणून मला आणि चिटणीसांना काही खटकलंच नव्हतं. त्या बाईंच्या मुलीचा अर्ज समितीनं त्या वर्षी घेतला नाही. नियम नियमच होता. चूक माझी होती.

झालं काय होतं, ते समजायला अँकर लिंक चालते कशी ते आधी पाहू.

वेबपत्त्याचे दोन भाग करा: हॅशच्या आधीचा आणि हॅशनंतरचा. आधीचा भाग सर्व्हरकडे जातो. हॅशनंतरचा भाग, ज्याला फ्रॅगमेंट म्हणतात, तो सर्व्हरकडे जातच नाही. तो तुमच्या ब्राउझरजवळच राहतो. पोस्टमन वाड्याच्या दिंडीदरवाज्यापर्यंत पत्र आणून देतो, आत कुठल्या खोलीत द्यायचं ते वाड्यातली माणसं बघतात, तसं. पान आलं की ब्राउझर त्यात या आयडीचा भाग आहे का ते शोधतो. सापडला तर तिथे जातो. एकाच आयडीचे दोन भाग असले तर पहिल्यावर जातो. सापडलाच नाही तर गप्प बसतो आणि पानाचा माथा दाखवतो.

या गप्प बसण्याकडे लक्ष द्या. पानाचा पत्ता चुकला तर 'पान सापडले नाही' असा फलक येतो, सर्व्हरच्या नोंदवहीत त्याची नोंद होते, कोणी ना कोणी दुरुस्त करतं. फ्रॅगमेंट चुकला तर फलक नाही आणि नोंदही नाही. सर्व्हरला हॅशनंतरचं काही दिसतच नाही, म्हणून जुना आयडी नव्याकडे वळवायची सोयही सर्व्हरवर करता येत नाही. चूक फक्त वाचणाऱ्याला कळते, आणि तोही बहुधा स्वतःलाच दोष देतो. आमच्या ताईंनी फोन केला म्हणून मला कळलं. न केलेले फोन किती असतील, कोण जाणे.

आता मराठी आयडी मुळात चालतो का? चालतो. एचटीएमएल ४ च्या काळात चालत नव्हता: आयडीची सुरुवात रोमन अक्षरानंच व्हायला हवी आणि पुढे रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं, असा नियम होता. एचटीएमएल ५ नं तो काढून टाकला. आता आयडी रिकामा नको आणि त्यात मोकळी जागा नको, एवढीच अट आहे. एचटीएमएल ५ ला २०१४ साली अधिकृत शिफारशीचा दर्जा मिळाला. म्हणजे 'मुदत' हा आयडी आज पूर्णपणे कायदेशीर आहे. तरीही 'आयडी इंग्रजीतच द्या, नाहीतर चालत नाही' असं आजही शिकवलं जातं. तो जुन्या नियमाचा उरलेला धाक आहे.

मराठी विकिपीडियावर हा बदल डोळ्यांनी दिसला. पूर्वी तिथल्या विभागाची लिंक कॉपी केली की टिंबं, रोमन अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक माळ यायची. मराठी अक्षराची संगणकी ओळख रोमन चिन्हांत मोडून आयडीत बसवण्याची ती जुन्या नियमातली तडजोड होती. २०१७ साली विकिपीडियानं वाचता येतील असे आयडी सुरू केले आणि जुन्या लिंका तुटू नयेत म्हणून जुना आयडीही पानात लपवून ठेवला. जुन्या लिंकांना असं सांभाळून घेण्याची ही रीत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग आयडी कायदेशीर असूनही मुदतीची मदत कशी झाली?

मथळ्यावरून आयडी बनवताना आपण एक चाळणी लावतो: अक्षरं ठेव, आकडे ठेव, बाकी स्वल्पविराम, कंस, प्रश्नचिन्ह काढून टाक. या चाळणीचं नेहमीचं नाव 'बॅकस्लॅश डब्ल्यू', म्हणजे शब्दात येणारी अक्षरं. जावास्क्रिप्टमध्ये ती फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर ओळखते. मराठी मथळा तिच्यातून घातला तर हाती काहीच उरत नाही, आयडी रिकामा होतो. ही चूक बरी, कारण ती लगेच दिसते.

पायथनची चाळणी अर्धवट शहाणी आहे. ती म, द, त यांना अक्षरं म्हणून ओळखते, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडायचं चिन्ह यांना अक्षर मानत नाही. युनिकोडमध्ये 'म' हे 'लेटर' या वर्गात आहे आणि त्याचा उकार 'मार्क' या वर्गात. पायथनची चाळणी लेटर ठेवते, मार्क फेकते. त्यामुळे 'मराठी' होतं 'मरठ'. 'नियम' होतं 'नयम'. 'अर्ज' होतो 'अरज'. आणि 'मुदत' होते 'मदत'.

माझ्या पानावर दोन मथळ्यांना एकच आयडी मिळाला होता आणि ब्राउझर नियमाप्रमाणे पहिल्यावर जात होता. शब्दातल्या अक्षरांत मार्क धरावेत असं युनिकोडच्या मार्गदर्शक नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि पायथन ते पाळत नाही ही तक्रार २०११ सालीच नोंदवली गेली होती. तरी आपल्यापैकी किती जण आयडी बनल्यावर तो वाचून बघतात? मीही नव्हता बघितला.

काही तयार साधनं आयडी दुसऱ्यांदा आला की पुढे आकडा जोडतात: मदत, मग मदत-१. त्यानं लिंक चालते, पण विभागांचा क्रम बदलला की मदत आणि मदत-१ यांची अदलाबदल होते आणि आधी पाठवलेल्या लिंका उलट्या जागी जातात. म्हणजे दुखणं राहतंच, फक्त पुढे ढकललं जातं.

उपाय सोपा आहे. चाळणीला सांगायचं, लेटर ठेव, मार्क ठेव, नंबर ठेव. जावास्क्रिप्टमध्ये २०१८ पासून हे तीन वर्ग नावानं मागता येतात: बॅकस्लॅश पी आणि महिरपी कंसात एल, एम आणि एन. फक्त शेवटी यू हा झेंडा लावायला विसरू नका. पायथनमध्ये 'आरई'ऐवजी 'रेजेक्स' नावाचं वेगळं मोड्यूल घ्या, त्याला हे वर्ग कळतात. एल लिहून एम विसरलात तर पुन्हा मुदतीची मदत. आपल्या लिपीत मात्रा हा अक्षराचाच भाग आहे, वरची सजावट नव्हे, हे शाळेत पहिलीत शिकलेलं प्रोग्रॅमलाही शिकवायचं, इतकंच.

आता दुसरी अडचण. ही जास्त लबाड आहे, कारण यात डोळ्यांना दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात.

'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द घ्या. यातला तो आडवा, पापणीसारखा र. तो दोन प्रकारे लिहिला जातो. एक, ऱ हे वेगळं अक्षर आणि त्याचा पाय मोडलेला. दोन, साधा र, पाय मोडायचं चिन्ह आणि त्याच्यापुढे झिरो-विड्थ-जॉइनर नावाचं न दिसणारं जोडचिन्ह. कुठल्या कीबोर्डवरून काय येईल ते त्या कीबोर्डवर अवलंबून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. पण ब्राउझर आयडी जुळवताना रूप बघत नाही, आतले कोड बघतो. अनुक्रमणिका एकानं टाइप केली आणि मथळा दुसऱ्यानं, तर लिंक आणि आयडी जुळणार नाहीत आणि तासभर डोळे फोडले तरी फरक दिसणार नाही.

'ॲप' या शब्दाचंही तेच. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी अ लिहून त्यावर चंद्र द्यायचे, आणि तशा सवयीचा मजकूर अजूनही येतो. दिसायला एक, आत दोन. हिंदीत 'सड़क'मधला ड़ हे एक अक्षर म्हणूनही येतं आणि ड अधिक खालचं टिंब असंही येतं.

यावर युनिकोडचं औषध आहे, नॉर्मलायझेशन. त्याचं एनएफसी नावाचं रूप वेबसाठी वापरतात. हिंदीतला ड़ त्यानं एकसारखा होतो. पण आपला आडवा र आणि ॲ यांना ते औषध लागू पडत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती दोन रूपं एकच नाहीत. तिथे आपला नियम आपणच लिहायचा: र, पाय मोडायचं चिन्ह आणि जोडचिन्ह अशी तिकडी दिसली की तिच्या जागी ऱ आणि पाय मोडायचं चिन्ह घाल, अ आणि चंद्र दिसला की ॲ घाल. हे काम चाळणीच्या आधी करा. मघाची एल-एम-एनची चाळणी न दिसणारं जोडचिन्ह काढून टाकते, मग आडव्या र ऐवजी रफार उरतो आणि शेतकऱ्यांचा शब्दच बिघडतो. क्रम असा: आधी एनएफसी, मग आपले दोन नियम, मग चाळणी, शेवटी मोकळ्या जागी आडवी रेघ.

तिसरी गोष्ट, टक्क्यांची माळ. मराठी लिंक कॉपी करून दुसरीकडे टाकली की मराठी गायब होतं आणि टक्के-टक्के येतात, हे तुम्ही पाहिलं असेल. ते बिघडलेलं नसतं. वेबपत्ता प्रवासात साध्या रोमन चिन्हांतच असावा असा नियम आहे. त्यासाठी प्रत्येक अक्षराचे यूटीएफ-८ मधले बाइट घ्यायचे आणि प्रत्येक बाइटच्या आधी टक्क्याचं चिन्ह लावायचं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'म' होतो टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का ए ई. म्हणजे एका 'म'ची नऊ चिन्हं. 'मराठी'त म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं, त्यांची होतात ४५. 'शेतकऱ्यांसाठी-सूचना' याची होतात १६३. साध्या एसएमएसमध्ये रोमन चिन्हं मावतात १६०. म्हणजे हॅशच्या आधीचा पत्ता लिहायच्या आधीच एसएमएस भरला.

या माळेमुळेच आमची चूक लपली. ग्रुपवर गेलेल्या लिंकमध्ये 'मदत' असं स्वच्छ लिहिलेलं असतं तर दोनशे माणसांपैकी कोणीतरी म्हणालं असतं, अहो, मुदत हवी ना? पण तिथे होते टक्के, ई आणि ए. ते कोण वाचणार?

ब्राउझरला ही माळ उलगडता येते. लिंकमधला फ्रॅगमेंट तो आधी जसाच्या तसा शोधतो, नाही सापडला तर टक्के उलगडून पुन्हा शोधतो. हे मानकातच लिहिलेलं आहे. अडचण येते ती आपण मध्ये हात घालतो तेव्हा. पुष्कळ तयार थीममध्ये हळुवार सरकण्यासाठी छोटी स्क्रिप्ट असते. ती क्लिक अडवते, ब्राउझरची मूळ उडी थांबवते, पत्त्यातला फ्रॅगमेंट घेते आणि स्वतः शोधायला जाते. तिच्या हाती लागते टक्क्यांची माळ. त्या नावाचा आयडी पानात नसतो, आणि सीएसएस सिलेक्टर म्हणून वापरली तर टक्क्याच्या चिन्हामुळे स्क्रिप्ट चूक दाखवून तिथेच थांबते. मूळ उडी रद्द झालेली, नवी मारता आली नाही. वाचणारा 'मुदत'वर बोट आपटत राहतो, पान हलत नाही. इंग्रजी मथळ्यात टक्के नसतात, म्हणून थीम बनवणाऱ्याला हे कधी दिसत नाही.

उपाय एका ओळीचा. शोधायच्या आधी डीकोड-यूआरआय-कंपोनंट या फंक्शननं माळ उलगडा आणि गेट-एलिमेंट-बाय-आयडीनं शोधा. कोणी अर्धवट कापलेली लिंक पाठवली तर हे फंक्शन चूक फेकतं, तेवढी झेलायची तयारी ठेवा. आणि मनापासून सांगतो, ती हळुवार सरकण्याची स्क्रिप्ट काढूनच टाका. सीएसएसमध्ये एका ओळीत तेच होतं आणि ब्राउझरची मूळ उडीही शाबूत राहते. पडदा-वाचक वापरणाऱ्या अंध वाचकांनाही त्या मूळ उडीवरच विसंबावं लागतं.

शेवटची अडचण तांत्रिक नाही, आपल्या सवयीची आहे. मथळ्यावरून दर वेळी नव्यानं आयडी बनवायचा, ही ती सवय. समजा, तुम्ही मथळा लिहिला 'सुचना', उकार ऱ्हस्व. लिंका वाटल्या. महिन्यानं कोणीतरी चूक दाखवली, तुम्ही 'सूचना' असं शुद्ध केलं. शुद्धलेखन सुधारलं आणि वाटलेल्या सगळ्या लिंका त्याच क्षणी मेल्या, आवाज न करता. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या दुरुस्त्या किती होतात ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून आयडी एकदाच बनवा, माणसानं वाचून बघा आणि मथळ्यापासून वेगळा साठवा. मथळा हवा तितका बदला, आयडीला हात लावू नका. बदलावाच लागला तर विकिपीडियानं केलं तसं जुना आयडी त्या जागी एका रिकाम्या टॅगवर ठेवून द्या. लिंक म्हणजे कोणाला तरी दिलेला शब्द आहे, तो देणारा विसरला तरी घेणाऱ्यानं जपून ठेवलेला असतो.

आता तुम्ही विचाराल, एवढ्या खटाटोपापेक्षा रोमनमध्ये आयडी दिला तर? द्या, जरूर द्या, जिथे लिंक छापायची आहे, एसएमएसनं पाठवायची आहे किंवा फोनवर तोंडी सांगायची आहे. पण तो हातानं द्या. यंत्राकडून लिप्यंतर करून घेतलंत तर खालचे टिंब-रेघ गळतात आणि 'पत' नि 'पट', 'काल' नि 'काळ' रोमनमध्ये एकच होतात. म्हणजे मात्रांनी नाही तर ळ आणि ट यांनी फसवलं. मराठी आयडीचा फायदा असा की पानाचा कोड उघडणाऱ्या पुढच्या माणसाला, तो कदाचित मंडळाचा नवा चिटणीस असेल, काय कुठे आहे ते सरळ वाचता येतं. माझा कल मराठीकडे आहे. आयडी छोटा ठेवायचा, एका शब्दाचा: 'पात्रता', 'अर्ज', 'मुदत'.

आणि तपासायचं कसं? पान तयार झालं की तीन गोष्टी करा. पानातल्या सगळ्या आयडींची यादी काढा आणि मोठ्यानं वाचा. वाचता आली नाही तर मात्रा गळल्यात, एखादं नाव दोनदा आलं तर टक्कर आहे. मग लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा आणि तिथून उघडा. आणि हे सगळं फोनवर करा, कारण तुमच्या वाचकाकडे तोच पडदा आहे.

आमच्या मंडळाच्या पानावर मी पुढच्या वर्षी हे सगळं केलं. तारीख पानाच्या अगदी वर, मोठ्या अक्षरांतही लिहिली, म्हणजे उडी चुकली तरी माणूस चुकू नये. लिंक ग्रुपवर टाकण्याआधी त्याच ताईंना पाठवली आणि विचारलं, 'बघा बरं, तारीख दिसते का?' पाच मिनिटांनी त्यांचं उत्तर आलं, 'दिसली दादा.' तपासणी पूर्ण झाली असं मी त्यानंतरच म्हटलं.